डावीकडची सीट

४ नोव्हेंबर

रत्नागिरीला पोचलो. सकाळी कराडहून निघालो, आंबा घाट स्वतः गाडी चालवत उतरलो आणि कुठेही न अडखळता मांडवीतल्या या घरापुढे येऊन थांबलो. माझं मलाच बरं वाटलं. गेल्या दिवाळीत मला गाडी चालवताही येत नव्हती.

ही वही विनोदने दिली. विनोद म्हणजे माझा मेहुणा. म्हणाला, दाजी, तुम्ही बोलत तर नाहीच, निदान लिहीत जा. बदली मागून घेतली तेव्हा त्याला पटलं नव्हतं. पण कराडच्या घरात मला झोप येत नव्हती, हे त्याला माहीत आहे.

जागा चांगली मिळाली. येसूबाई नावाच्या बाईंच्या घरामागच्या दोन खोल्या. चिऱ्याच्या भिंती, अंगणात फणस, मागे पत्र्याची पडवी. समुद्र खिडकीतून दिसत नाही, पण ऐकू येतो. येसूबाईंनी आल्याआल्या विचारलं, मासे खाता ना? हो म्हटल्यावर म्हणाल्या, मग टिकाल. आधीचे भाडेकरू वासाला कंटाळून पळाले म्हणे. संध्याकाळी त्यांनी बांगड्याचं तिखलं पाठवलं. पुष्कळ दिवसांनी भात दुसऱ्यांदा घेतला.

गाडीबद्दल लिहायला हवं. गाडी रसिकाची. छोटी, पांढरी, जुनी. ती पाटणकडच्या शाळेत शिकवायची आणि रोज हीच गाडी घेऊन जायची. आमच्या संसारात गाडी ती चालवायची आणि मी डावीकडच्या सीटवर बसायचो. ऑफिसात लोक चेष्टा करायचे. मला कधी कमीपणा वाटला नाही. प्रत्येक वळणावर ती दोन छोटे हॉर्न द्यायची, रस्ता रिकामा असला तरी. समोरच्याला कळू दे आपण आहोत ते, असं म्हणायची. इंजिनाला शिवणयंत्रासारखी बारीक टिकटिक आहे. ती ऐकली की अजूनही वाटतं, आता ती काहीतरी बोलेल.

ती माघात गेली. डोक्यात रक्तस्राव झाला, दोन दिवसांत सगळं संपलं. दहाव्याला कावळा शिवेना. विनोदने आईला सांभाळीन म्हणून सांगितलं. तिच्या शाळेतल्या बाईंनी मुलांकडे लक्ष देईन म्हणून सांगितलं. कावळे पिंडाभोवती नुसते बसून होते. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, तुझी गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही, मीच चालवीन. वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा शिवला.

म्हणून पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकलो. सीट तिने ठेवली होती तिथेच आहे. ती बुटकी, त्यामुळे माझे गुडघे स्टिअरिंगला लागतात. चालतं.

१० नोव्हेंबर

ऑफिस ठीक आहे. मी आरेखक, त्यामुळे फारसं बोलावं लागत नाही. शेजारच्या टेबलावरचे दीपक माने डबा खाताना एकटेच दोघांचं बोलतात. मला ते सोयीचं आहे.

आज वाईट झालं. मारुती मंदिराच्या चढावर गाडीतून खडखडाट झाला, धूर आला आणि गाडी जागीच थांबली. पुन्हा चालू होईना. माने यांनी फोन करून मिरजोळ्यातल्या लवू मेस्त्रीला बोलावलं. तो दोरी बांधून गाडी ओढत घेऊन गेला. बोनेट उघडून ऑइल मोजायची काडी बाहेर काढली, माझ्यापुढे धरली आणि विचारलं, साहेब, ऑइल शेवटचं कधी बघितलंत? काडी कोरडी होती.

रसिका दर रविवारी बघायची. त्यासाठी ठेवलेली जुन्या परकराची चिंधी दाराच्या कप्प्यात अजून आहे. मी ती रोज बघत होतो. ती कशाला ठेवलीय हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

इंजिन जाम झालंय.

१५ नोव्हेंबर

लवू म्हणतो, हे इंजिन उघडण्यात अर्थ नाही, आतून सगळं खरवडलं गेलंय. गाडी भंगारात द्या किंवा दुसरं इंजिन बसवा. त्याच्या शेडमध्ये एक आहे, यापेक्षा मोठ्या गाडीचं. माउंटिंग थोडं कापून जोडावं लागेल, वायरिंग बदलावं लागेल, पण बसेल. कुठलं म्हणून विचारलं तर स्थळ सांगावं तसं म्हणाला, चांगल्या घरातलं हाय ओ, एका हाताचं. वर हसत म्हणाला, नवीन इंजिन टाका, मग घरात बायकोपण तुमचं ऐकायला लागेल.

त्याला माहीत नाही.

भंगारात देणं शक्यच नव्हतं. बसव म्हणून सांगितलं.

२१ नोव्हेंबर

आज रजा टाकून दिवसभर मिरजोळ्यात थांबलो. लवूने चेनब्लॉक लावून जुनं इंजिन वर उचललं. साखळीला लटकलेलं ते फार लहान दिसत होतं. इस्पितळात रसिकाला स्ट्रेचरवरून पलंगावर घेतलं तेव्हाही मला असंच वाटलं होतं, ही एवढीशी कधी झाली. मी बाहेर जाऊन चहा पिऊन आलो.

नवं इंजिन काळं, जाड आहे. गाडीच्या पोटात ते कसंबसं मावलं. चालू केलं तेव्हा टिकटिक नव्हती. घसा खाकरल्यासारखा आवाज, मग भारी घुरघुर. लवू खूश होता. म्हणाला, आता घाटात ट्रकला मागं टाकाल.

जुनं इंजिन भंगारवाल्याला देतो म्हणाला. मी नको म्हणालो. टेम्पोत घालून घरी आणलं आणि मागच्या पडवीत फळ्यांवर ठेवलं. येसूबाई कंबरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, लोक कुत्री पाळतात, तुम्ही इंजिन पाळलंत. काय घालता खायला? मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

२४ नोव्हेंबर

गाडी जोरात चालते. माझ्या अंदाजापेक्षा जास्तच. ऑफिसला जाताना पाय नुसता टेकवला तरी पुढे झेपावते. हॉर्न मात्र उशिरा वाजतो. वळणावर दोनदा दाबला, वळण संपल्यावर एकदाच वाजला. लवूकडे वायरिंग दाखवायला हवं.

टपावर करकर असा आवाज येतो, काहीतरी दोरीने बांधल्यासारखा. उतरून पाहिलं. टप मोकळा आहे.

२७ नोव्हेंबर

सकाळी गाडीत बसायला गेलो तर माझे पाय पॅडलला पोचेनात. सीट मागे गेली होती, अगदी शेवटपर्यंत. मी ती कधीच हलवलेली नाही. आरसाही वर वळवलेला होता. त्यात मला फक्त छत दिसत होतं. माझ्याहून वीतभर उंच माणसाला बरोबर दिसलं असतं.

किल्ली माझ्याकडेच असते. सीट पुन्हा तिच्या जागी आणली.

२८ नोव्हेंबर

आज पुन्हा तसंच.

लवूकडे गेलो. त्याने सीट हलवून पाहिली आणि सांगितलं, खिटी झिजलीय, गाडी उतारावर लावता म्हणून सरकते. मग आरसा? त्यावर म्हणाला, साहेब, एकटे राहता ना, जरा चार माणसांत जा. चेष्टेतच म्हणाला. पण सीटवर हात ठेवायच्या आधी तो थोडा थबकला, हे मी पाहिलं.

१ डिसेंबर

येसूबाईंची मांजर तीन-चार दिवस पडवीत जुन्या इंजिनावर झोपते. आज त्या मला म्हणाल्या, तुमचं लोखंड बरं ऊबदार आहे, मेली चुलीजवळ यायचीच बंद झाली.

मांजरीला उठवून मी हात लावला. पडवीत ऊन येत नाही. सकाळी तिथली फरशी बर्फासारखी गार असते. इंजिन कोमट होतं. गाडी लांबून येऊन तासाभरापूर्वी थांबली असावी, तेवढं. त्याला ना बॅटरी, ना पेट्रोल, ना वायर.

मी हात काढला नाही. किती वेळ तसा बसलो माहीत नाही. भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. भीती गाडीत बसल्यावर वाटते.

५ डिसेंबर

ऑफिसला निघालो आणि शिरगावच्या रस्त्याला लागलो. वळायचं मी ठरवलं नव्हतं. स्टिअरिंग माझ्या हातात होतं, पण दुसऱ्याचा हात धरावा तसं. ब्रेक लागला तो साखरतरच्या पुलाअलीकडे. गाडी बंद केली. इंजिन तरीही थोडा वेळ चालू राहिलं. मग खाकरलं आणि थांबलं.

टपावर करकर चालूच होती.

तिथून रिक्षाने ऑफिसला गेलो. माने काय झालं म्हणून विचारत राहिले. पेट्रोल संपलं असं सांगितलं. संध्याकाळी गाडी आणायला गेलो तेव्हा ती मुकाट्याने घरी आली. अर्ध्या वाटेवरून परत आणलेल्या माणसासारखी, मनाविरुद्ध.

८ डिसेंबर

लवूला आज विचारलंच. आधी त्याने टाळलं. मग शेडच्या पायरीवर बसून सांगितलं.

इंजिन संदेश नावाच्या माणसाच्या गाडीतलं. मूळचा केळशीचा, इथे रत्नागिरीत एका लॉजवर गाडी चालवायचा. सहा फुटी गडी. दोन वर्षांपूर्वी जुनी गाडी स्वतःची घेतली. मुलगी झाली. तिचं बारसं केळशीला होतं. इथे सागवानी पाळणा करून घेतला, टपावर दोरीने बांधला आणि निघाला. उशीर झाला होता म्हणून जोरात होता. आरे गावाच्या पुढच्या चढावर, समुद्राच्या बाजूच्या वळणावर समोरून गाडी आली. संदेशने हॉर्न दिला नव्हता. संदेशची गाडी खाली गेली. पाळणा मात्र वर झुडपात अडकून राहिला, त्याला ओरखडासुद्धा नव्हता.

दहाव्याला केळशीत कावळा शिवला नाही. लवू स्वतः तिथे होता. बायकोने मुलीला शिकवीन म्हणून सांगितलं, भावाने घराचं सांगितलं. ऊन कलेपर्यंत सगळे बसून राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवून घेतला आणि उठले. मी म्हणालो, त्याला घरी पोचायचं होतं. ते कुणी बोललंच नाही का? लवू म्हणाला, मेलेल्या माणसाला घरी पोचवतो असं कोण बोलेल ओ?

मला आधी का सांगितलं नाहीस, म्हणून विचारलं. तो म्हणाला, मेल्या माणसाची गाडी म्हटलं की गिऱ्हाईक पळतं. लोखंड हाय ते, त्याला काय कळतंय.

इंजिन काढून टाक म्हणालो. शनिवारी आणा म्हणाला. माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हता.

१० डिसेंबर

झोप नाही. विचार करतो. संदेशला काढून पुन्हा त्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवायचं. मग लवू त्याला आणखी कुणाच्या गाडीत बसवणार. माझी बायको गेली आणि मला घर सोडावंसं वाटलं. हा तर घरी पोचायला तडफडतोय. केळशी लांब नाही. दोन ठिकाणी गाडी फेरीबोटीत घालायची, बस.

येसूबाईंना थोडं सांगितलं. एरवी काहीतरी टोमणा मारतात. आज मारला नाही. मग म्हणाल्या, पोचवा बापड्याला. पण तुम्ही चालवा. त्याला चालवू देऊ नका.

१२ डिसेंबर

सकाळी भाताचा गोळा बोनेटवर ठेवला. लाजल्यासारखं झालं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणालो, संदेश, तुला घरी पोचवीन.

कावळा कुठून आला दिसलं नाही. उचलून गेला.

मग पडवीत गेलो. तिला सांगावं म्हणून. इंजिनावर हात ठेवला आणि चटका बसला. तळहाताला फोड आलाय. मांजर लांब भिंतीला चिकटून बसली होती.

रसिका कधी रागावायची नाही. रागावली तर बोलायची नाही, एवढंच.

तिला दिलेला शब्द — दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही. मीच चालवणार आहे. मीच. मग हा राग —

१३ डिसेंबर

गाडी अंगणात आपोआप चालू झाली. भर दुपारी. येसूबाई बाहेर आल्या, मी बाहेर आलो. आत कुणी नाही. किल्ली माझ्या खिशात. घुरघुर, आणि टपावर — आता करकर नाही. पाळणा हलवावा तसा आवाज. मागे, पुढे.

त्याच वेळी मागच्या पडवीतून टिकटिक. शिवणयंत्रासारखी. येसूबाईंनीही ऐकली. तोंडाला पदर लावून आत गेल्या.

दोन्ही एकदमच थांबली.

लवूचा फोन लागत नाही. उद्या शनिवार. मिरजोळं एका बाजूला, केळशी दुसऱ्या बाजूला. कावळा शिवलाय. आता मागे कसं —

१४ डिसेंबर, सकाळ

पडवी रिकामी. फळ्या आहेत, फळ्यांवर तेलाचा डाग आहे. इंजिन नाही. ते दोन माणसांनाही उचललं नसतं. मांजर डागाजवळ बसून अंगणाबाहेरच्या रस्त्याकडे बघते आहे.

येसूबाईंना विचारलं. म्हणाल्या, उजाडताना रस्त्यावर दोन हॉर्न ऐकले, छोटे छोटे. मला वाटलं, तुम्हीच निघालात.

गाडीकडे गेलो. उजवं दार उघडलं. सीट मागे. आरसा वर. पट्टा लावलेला, रिकाम्या सीटवर, छातीवर असतो तसा फुगलेला.

दार हळूच लावलं. पळावं असं मनात होतं. पण पाय वळसा घालून डावीकडे गेले, सवयीने. इतकी वर्षं तेच दार. बसलो. खरं सांगायचं तर मी फार थकलोय. गाडी शिकून थकलो, शब्द पाळून थकलो. कुणीतरी चालवतंय आणि मी बाजूला बसलोय — पाठ टेकली तेव्हा क्षणभर बरंच वाटलं.

मग वाटलं, हे मी काय केलं.

दार उघडत नाही.

शिरगाव गेलं. अक्षर हलतंय. वही हातातच राहिली होती; हात मोकळे राहू नयेत म्हणून लिहितो.

साखरतरचा पूल. पाण्यात होड्या. पुलावरून जाताना एका पोराने हात केला. त्याला काय दिसलं असेल. डावीकडे मी. उजवीकडे —

मी बघत नाही.

काळबादेवी. जोर वाढलाय. त्याला उशीर झालाय, मला समजतं. सांगितलं, संदेश, हळू घे, पोचू. बारसं होऊन गेलं रे. मुलगी आता चालत असेल. टपावर झोका थांबला. थोडा वेळ थांबला. मग पुन्हा, जोरात.

चढ. आरे मागे पडलं. समुद्र माझ्या बाजूला, खाली. पहिलं वळण, हॉर्न नाही. दुसरं, नाही. मी ओरडलो, हॉर्न दे. हात पुढे करून स्वतः दाबला. थंडगार काहीतरी आड आलं. बोटं होती.

पुढे ते वळण. झुडपात अजून दोरीचा तुकडा —

हॉर्न.

दोन. छोटे. आमचे नाहीत. वळणापलीकडून.

टिकटिक ऐकू येते. एवढ्या घुरघुरीतही. ती मी कुठेही ओळखेन. म्हणजे मी बसलोय ती तिची गाडी नाही. तिची समोरून येते आहे. ती चालवते आहे आणि तिच्या डावीकडची सीट माझ्यासाठी —